चाळीस दिवस हात बंद

हे लिहायचंच नाही असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तीनदा मोबाईलवर टाईप केलं, तीनदा पुसलं. असल्या गोष्टीत एक भोंदू असतो, एक भोळं गाव असतं आणि एक शहाणा असतो, जो शेवटी सगळं उघडं पाडतो. आमच्या गोष्टीतला शहाणा मी होतो. आणि भोंदूचा सगळ्यात कामाचा गडीसुद्धा मीच होतो. हे 'मी, मी' करून सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून पुढे मी त्याला त्याच्या नावानेच हाक मारणार आहे. बुदियासा. तो कुणीतरी लांबचा आहे असं धरलं की त्याला हसणं सोपं जातं.

तर, बुदियासा.

त्या दिवशी गावच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. वाळत घातलेल्या लवंगा चटयांवर तशाच टाकून लोक आले होते. मधोमध एका स्टुलावर सात वर्षांची साद्री बसली होती, पाय हलवत. तिच्या मागे पडदा. पडद्यामागे देवळातल्या गामेलान नावाच्या वाद्यताफ्यातली काशाची मोठी घंटा, आणि घंटेपाशी प्रोफेसर विजांत. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, कमरेला देवळात जाताना बांधतात तसला पिवळा पट्टा. दोन्ही दुकानं एकाच गल्ल्यावर.

साद्री जन्मापासून बहिरी. त्यात गावाला नवल नाही. सिंगराजा शहराच्या वर, डोंगरातल्या या गावात किती पिढ्यांपासून दर पन्नास मुलांमागे एखादं बहिरं जन्मतं. त्यामुळे गावातल्या सगळ्यांना हातांनी बोलता येतं. ऐकणारे आणि न ऐकणारे एकाच टपरीवर एकमेकांची टिंगल करतात. गावच्या पाण्याच्या पाइपाची राखण पूर्वीपासून बहिऱ्यांकडे. साद्रीचा बाप रेंता त्यातलाच. तो बहिरा, त्याची वारलेली बायकोही बहिरी, म्हणून साद्रीही.

पडद्यामागे घंटा वाजली. साद्रीने वळून मागे पाहिलं.

 मग उजवीकडून गाईच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजली. साद्रीने उजवीकडे पाहिलं. मग डावीकडून. साद्रीने डावीकडे पाहिलं. एक म्हातारा मटकन खाली बसला. साद्रीची आजी, जिला सगळं गाव दादोंग सुकर्नी म्हणतं, ती तोंडावर दोन्ही हात दाबून रडायला लागली. दादोंग म्हणजे आजी. आख्खं गाव तिला दादोंग म्हणतं, पण तिच्या एकुलत्या एका नातीच्या तोंडून ती हाक तिने कधी ऐकली नव्हती. तिला दुसरं काही नको होतं. एकदा ती हाक.

आणि साद्रीच्या बरोबर समोर, चार पावलांवर, छाती काढून कोण उभं होतं? बुदियासा. प्रोफेसरांचा दुभाषा. प्रोफेसर बोलायचे ते हा हातांनी बहिऱ्यांना सांगायचा.

आता हा बुदियासा म्हणजे गावातला एकमेव बुद्धिवादी. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिलेली. शाळा अर्धी सोडलेली, पुढचं शिक्षण मोबाईलवर. देवळामागचं वडाचं झाड रडतं अशी आवई उठली तेव्हा ढोलीत हात घालून बेडूक बाहेर काढला तो यानेच. त्या बेडकाचा फोटो त्याने इतक्या लोकांना पाठवला की बेडूक प्रसिद्ध झाला आणि बुदियासा कंटाळवाणा. हातांच्या भाषेत गावात प्रत्येकाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. बुदियासाची खूण म्हणजे तोंडापाशी हाताची चोच सारखी उघडमिट. बडबड्या.

असा माणूस फसला कसा? सोपं आहे. विजांतने देवाचं नावच काढलं नाही. काढलं असतं तर बुदियासाने पहिल्या दिवशीच त्याचा बेडूक केला असता. विजांत म्हणाला, जनुक.

"जनुक म्हणजे काय?" पहिल्याच सभेत तो म्हणाला. "जनुक म्हणजे पूर्वजांनी लिहिलेलं पत्र. तुमच्या गावाच्या पत्रात एक अक्षर चुकलंय. एकच. मोठमोठ्या शहरांत, मोठमोठ्या दवाखान्यांत ते अक्षर दुरुस्त करतायत, मुलं ऐकायला लागलीयत. बातमी वाचली असेल कुणी." आणि त्याने गर्दीवरून नजर फिरवली.

बुदियासाने हात वर केला. त्याने वाचली होती. म्हणजे वरची अर्धी वाचली होती. खालची अर्धी उघडायला नाव नोंदवावं लागत होतं, त्याचा त्याला कंटाळा आला होता.

"या, या," विजांत म्हणाला, "गावात एक तरी विज्ञानाचा माणूस आहे."

बस्स. एवढंच पुरलं. माशाला गळ लागतो, बुदियासाला कौतुक लागलं.

औषध निळ्या उजेडाच्या पेटीत होतं. साद्रीच्या कानात तीन थेंब टाकले. वासाला आपल्या घरातलं सर्दीचं तेल असतं तसंच होतं, आणि मागे कुणी बाई तसं म्हणालीही. बुदियासाने तिला समजावलं की वास तोच असला तरी आतले रेणू वेगळे असतात. रेणू म्हणजे काय असं तिने विचारलं नाही, हे त्याचं नशीब.

पण तो आंधळा भक्त नव्हता हं. त्याने तपासणी केली. स्टुलाखाली चटई, चटईवर गादी घातली, म्हणजे घंटेची थरथर जमिनीतून पोरीच्या पायांना कळायला नको. समोरच्या भिंतीवरचा आरसा काढला. साद्रीच्या फ्रॉकला दोरी बांधलीय का पाहिलं. विजांत हसून हे सगळं करू देत होता. म्हणत होता, "तपासा, तपासा. विज्ञान तपासायला घाबरत नाही." बुदियासाला हे वाक्य इतकं आवडलं की त्याने ते लिहून ठेवलं.

राहता राहिला प्रश्न डोळे बांधायचा. मागून कुणीतरी तो काढलाच. तेव्हा विजांतने कानांना हात लावले. म्हणाला, ज्या गावात माणसं डोळ्यांनी ऐकतात तिथे लेकराचे डोळे बांधायचे म्हणजे तिचं तोंड दाबण्यासारखं झालं, असलं पाप माझ्याच्याने होणार नाही. गाव गहिवरलं. कारण ते खरंच आहे. आमच्याकडे मस्करीतही बहिऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवत नाहीत. परक्या माणसाने आपली रीत इतकी जपावी, याचंच लोकांना अप्रूप. गावातल्या सगळ्या बहिऱ्यांना त्याने मानाची जागाही दिली होती. पडद्यामागे, घंटेजवळ, 'लहरी अंगावर घ्यायला'. रेंता तर घंटेची चौकट धरून उभा होता.

असा मान आजवर कुणी दिला नव्हता. आणि असं नेमकं कुणी बाजूलाही काढलं नव्हतं. पण ते पुढे कळलं.

साद्री वळली, आणि विजांतने पथ्य सांगितलं.

"जनुक जागं झालंय. पण लहान आहे, तान्हं आहे. हातांनी बोललात की त्याला वाटतं आपलं काम नाही, परत झोपतं. चाळीस दिवस हात बंद. तिच्याशी, तिच्यासमोर कुणी हातांनी बोलायचं नाही. तिनेही नाही. एकदा जरी बोललात, तर माझा दोष नाही."

बुदियासाने हे हातांनी सांगितलं. हातांनी सांगितलं की हात बंद. त्यातला विनोद त्याला तेव्हा दिसला नाही. पडदा सरकवून बाहेर आलेल्या रेंताने ते पाहिलं आणि फक्त विचारलं, "मग मी तिच्याशी कसा बोलू?"

बुदियासाने प्रोफेसरांना विचारलं. प्रोफेसर म्हणाले, चाळीस दिवस प्रेमाने बघा.

दक्षिणा घ्यायला त्याने साफ नकार दिला. विज्ञान विकायचं नसतं म्हणे. फक्त येत्या सणाआधी औषध घेणाऱ्या प्रत्येक घरातून एक डुक्कर. प्रयोगशाळेला लागतात. आणि सण झाला की साद्रीला खाली सिंगराजात मावशीकडे ठेवायचं, ऐकणाऱ्यांच्या शाळेत, जिथे कुणाला हातांनी बोलता येत नाही. दादोंग सुकर्नी लगेच हो म्हणाली. रेंताला कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? हात बंद.

पुढचे दिवस कसे गेले ते बुदियासा रोज बघत होता, कारण रोज सकाळी कॉफीला तो रेंताच्या घरीच असायचा. दादोंगने नातीचे हात अंगाशी धरून मऊ ओढणी गुंडाळली होती, तान्ह्या बाळाला गुंडाळतात तशी. मायेनेच. साद्री पहिले दोन दिवस रडली. मग गप्प झाली. बाप समोर आला की ती त्याच्याकडे बघायची आणि बाप दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहायचा. पाइपावरून परत आला की तो आधी तिला दिवसभरातलं सगळं सांगायचा. वरच्या ओढ्यात काय अडकलं, कुणाच्या बैलाने पाइप तुडवला. आता तो अंगणात लाकडं फोडायचा. लाकडं संपली तरी फोडायचा.

"वळते बघ," दादोंग मात्र रोज सांगायची. "मी दाराआडून 'साद्री' म्हणते आणि ती वळते. पाच वेळा हाक मारली, पाच वेळा वळली."

पाचही वेळा साद्रीसमोर बुदियासा कॉफी पीत बसला होता. हे त्याने पाहिलं नाही. बशीतल्या तळलेल्या केळ्यांकडे त्याचं लक्ष होतं.

एकदा रस्त्याने रेंता आणि तो बरोबर चालले होते. साद्री घरी होती, म्हणून हात मोकळे होते. रेंताने विचारलं, "तुला खात्री आहे?" बुदियासाने सांगितलं, शंभर टक्के, मी स्वतः गादी घातली होती. मागून लवंगांचा ट्रक आला. रेंता कडेला सरकला, ट्रक गेला, रेंता परत रस्त्यावर आला. "ती ऐकायला लागली तर चांगलंच आहे," तो म्हणाला. "मला एवढंच वाटतं, ती ज्या दिवशी ऐकायला लागेल त्या दिवशी मला काय सांगणार आहे? आणि कशाने सांगणार आहे?"

बुदियासाने त्याला जनुकावर छोटंसं व्याख्यान दिलं. रेंताने हाताची चोच केली, तोंडापाशी दोनदा उघडमिट केली आणि पाइपाकडे निघून गेला.

मग बुदियासाच्या डोक्यात आलं की ही बातमी जगाला कळली पाहिजे. स्कूटर काढून तो सिंगराजात गेला आणि कानाच्या डॉक्टरीणबाई प्रतिवी यांच्यासमोर जाऊन बसला. खरं तर त्याला त्यांचं तोंड आश्चर्याने उघडलेलं बघायचं होतं.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग कागदावर शंखासारखं काहीतरी काढलं. कानाच्या आत खोल ही नळी, तिच्यात बारीक केसांच्या पेशी. काही मुलांत या पेशी धडधाकट असतात, पण एक जनुक बिघडल्यामुळे त्यांना आवाजाचा निरोप पुढे मेंदूकडे देता येत नाही. त्या जनुकाची चांगली नक्कल एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरायची आणि शस्त्रक्रिया करून नेमकी त्या नळीत सोडायची. हे खरं आहे, त्या म्हणाल्या. काही मुलं खरंच ऐकायला लागलीयत. पण ते त्या एका जनुकासाठी. तुमच्या गावाचं जनुक वेगळं, बिघाडही वेगळा. त्यावर माणसांना द्यायचं औषध आज नाही. आणि कानात टाकलेला थेंब तर पडद्यापाशीच अडतो.

"पण ती वळली," बुदियासा म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू कुठे उभा होतास?"

"समोर."

"तिच्या समोर?"

"अगदी समोर. म्हणून तर नीट दिसलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे लेकरू झोपलेलं असताना तपासतात. डोक्याला तारा लावतो, कानात आवाज सोडतो, मेंदूपर्यंत पोचला तर यंत्रावर रेघ हलते. तिथे कुणी समोर उभं राहत नाही. तिला घेऊन ये."

बुदियासा रागावून परतला. शिकलेल्या लोकांना गावातलं काही बघवत नाही, असं तो वाटभर स्कूटरला सांगत होता. ही थाप आजवर प्रत्येक भोंदूच्या भक्ताने त्यालाच मारलेली होती. तेव्हा तो हसला होता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दादोंग देवळात गेली होती. साद्री चुलीपाशी ओढणीत गुंडाळून बसलेली, आणि समोर बुदियासा. त्याला वाटलं, मुलाखत घ्यावी. जगात पहिल्यांदाच कुणीतरी आवाज म्हणजे काय ते नव्या कानांनी सांगणार. पथ्य मोडत होतं, पण विज्ञानासाठी मोडत होतं. त्याने इकडेतिकडे पाहून हात काढले आणि विचारलं, "आवाज कसा असतो गं?"

साद्रीने दाराकडे पाहिलं. आजी नव्हती. तिचे हात बांधलेले. पण हे सांगायला तिला हात लागलेच नाहीत. तिने भुवया उचलल्या आणि हनुवटी डावीकडे उडवली.

बुदियासाने डावीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

तिने भुवया उचलून हनुवटी उजवीकडे उडवली. बुदियासाने उजवीकडे पाहिलं. साद्री खुदकन हसली, कितीतरी दिवसांनी. मग ओढणीच्या कडेतून दोन बोटं बाहेर काढून तिने त्याच्याकडे दाखवलं. हाच. तुझ्या तोंडावर येतो तोच. आवाज.

तेवढ्यात तिच्या मागे, परसात कोंबडा आरवला. आणि बुदियासाला जन्मात पहिल्यांदा कळलं की त्याची हनुवटी हलते. त्याने हलवली नाही. ती हलली. भुवया वर, हनुवटी परसाकडे.

साद्री वळली. परत त्याच्याकडे बघून मान डोलावली. बघ, आला ऐकू.

पोर खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिला ऐकू येतं. मोठी माणसं इतके दिवस ऐकणं ऐकणं म्हणतात ते हेच असणार, असं तिने धरलं होतं, आणि त्या थोर गोष्टीसाठी ती हात बांधून बसली होती.

आता ही रीत सांगतो, जी या गावात कुणी कुणाला शिकवत नाही. मागून गाडी आली, कुत्रं भुंकलं, कुणी हाक मारली की ऐकणारा माणूस समोरच्या बहिऱ्याला हनुवटीने दाखवतो. तिकडे. बोलणं न थांबवता, विचार न करता. आईच्या कडेवर असल्यापासून पाहिलेलं. पापणी मिटावी तसं होतं. परवा ट्रकच्या वेळी रेंता कडेला सरकला तो कसा? बुदियासाने हनुवटी उडवली म्हणून. आणि मंडपात? साद्रीच्या समोर दोनशे माणसं, सगळी ऐकणारी. दोनशे हनुवट्या. सगळ्यांच्या पुढे, सगळ्यात ठळक, दुभाषाची. आणि हे ज्यांच्या एका क्षणात ध्यानात आलं असतं, ज्यांचं आयुष्य चेहरे वाचण्यात जातं, त्या सगळ्यांना मान देऊन पडद्यामागे बसवलेलं.

बुदियासा तसाच पळत पाइपाकडे गेला आणि रेंताला सगळं सांगितलं. सांगताना दोनदा हात चुकले. रेंताने हातातला पाना खाली ठेवला.

"तू हनुवटी उडवतोस ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून उडवतोस. तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"आणि एवढं वाचतोस."

बुदियासाने त्याला शिव्या द्यायला सांगितलं. रेंता म्हणाला, नंतर देतो, राहतील लक्षात. आधी उद्याचं बघू.

उद्या म्हणजे सणाआधीची मोठी सभा. उरलेल्या बहिऱ्या घरांतल्या मुलांच्या कानात थेंब टाकायचे होते. डुकरांसाठी टेम्पो येऊन उभा होता. बायका देवळात न्यायच्या नैवेद्याच्या वेताच्या टोपल्या घेऊन परस्पर मंडपात आलेल्या. साद्री स्टुलावर, ओढणीत. पडदा तयार.

बुदियासा पुढे झाला आणि त्याने बोलत बोलत, हातांनीही, सगळं सांगितलं. हनुवटीपासून कोंबड्यापर्यंत.  मग दादोंग सुकर्नी उठली. 

"अरे, माझी पोर वळते. मी हाक मारते आणि ती वळते. आयुष्यात पहिल्यांदा. ते तुला बघवत नाही? झाडातून बेडूक काढलास, आता माझ्या नातीच्या कानातून काय काढणार आहेस?"

 उत्तर दिलं विजांतने. म्हणाला, काही लोकांच्या शंकेने लहरी गढूळ होतात, मी रागावत नाही, चला सुरू करू.

"करा," बुदियासा म्हणाला. "फक्त एक. पोरीचे डोळे बांधायचे नाहीत. आपले चेहरे झाकायचे. आणि बहिरी माणसं आज पुढे बसतील."

विजांत पहिल्यांदा अडखळला. म्हणाला, असं चालत नाही, जनुकांना माणसांचे चेहरे लागतात. मागून एक म्हातारा म्हणाला, "का रे बाबा, तुझी जनुकं लाजतात?" आणि मंडप हसला. हसला तसा बायकांनी टोपल्यांची झाकणं काढली आणि वाटली. ज्यांना झाकण नाही त्यांनी ओढणी घेतली, कुणी पाठ फिरवली. एका मिनिटात मंडपात एकही चेहरा उरला नाही, नुसती वेताची झाकणं. पुढे बहिरी माणसं बसलेली, त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांचे चेहरे कोरे. रेंता त्यांच्यात.

बुदियासाने हाक दिली. वाजवा.

घंटा वाजली.

साद्री वळली.

 दादोंग झाकणाआडून ओरडली, वळली ना, वळली ना. विजांत पडद्याबाहेर येऊन हात जोडून उभा राहिला. म्हणाला, बघा, मी काही बोललो का? दोनशे माणसं झाकणांच्या कडेवरून बुदियासाकडे बघायला लागली, आणि त्या बघण्यात पुढच्या वीस वर्षांची टिंगल होती.

एकच माणूस हसत होता. रेंता. तो उठला, मंडपाच्या मधोमध आला आणि बुदियासाच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. मग सगळ्यांना दिसेल असं विचारलं, "याचं झाकण कुठाय?"

सगळ्या गावाला चेहरे झाकायला सांगून बुदियासा स्वतः साद्रीच्या समोर, चार पावलांवर, उघड्या तोंडाने उभा होता. त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही की आपण 'सगळ्यां'त येतो. तपासणारे कधी स्वतःला मोजतात का?

रेंताने लवंगा पाखडायची सगळ्यात मोठी टोपली आणली आणि सरळ त्याच्या डोक्यावर घातली. खांद्यापर्यंत.

पुढचं बुदियासाने टोपलीच्या आतून ऐकलं. रेंताच्या खुणेवरून सरपंचाने घंटा आपल्या हाताने वाजवली. एकदा. मग जोरात. मग एवढी जोरात की टेम्पोतलं डुक्कर ओरडलं. आणि मंडपात काहीच झालं नाही. कुणी दचकलं नाही, कुणी रडलं नाही. नंतर त्याला सांगितलं, साद्री पाय हलवत बसली होती. झाकणंच झाकणं बघून तिला वाटलं लपाछपी आहे, आणि ती कोण आधी बाहेर डोकावतो याची वाट बघत होती. चौथ्या घंटेला तो मघाचा म्हातारा न राहवून झाकणावरून डोकावला, त्याची हनुवटी हलली, आणि साद्री तत्क्षणी वळली.

हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. कारण तोवर सगळेच डोकावत होते.

विजांतची निळी पेटी सरपंचाने उघडली. माशांच्या काचेच्या टाकीत लावतात तो दिवा, आणि सर्दीच्या तेलाच्या बाटल्या, चिठ्ठ्या खरवडलेल्या. तेव्हा एका बाईने त्याला ओळखलं. तीन वर्षांपूर्वी हा गावात मध विकायला आला होता. आपल्या सायकलची घंटी वाजवली की बहिरी गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघतात, याचं तेव्हा त्याला फार नवल वाटलं होतं. सगळ्यांना विचारत फिरला होता. कुणाला उत्तर देता आलं नव्हतं. त्याने मात्र बसून शोधलं. एका अर्थाने त्या गोष्टीत शास्त्रज्ञ तोच होता, हे बुदियासाला कबूल करावं लागतं. डुकरं खाली उतरली, टेम्पो रिकामा गेला. विजांत सरपंचांसमोर जबाब देत बसला. जाताना तो बुदियासाला म्हणाला, "दुभाषा मात्र तू चांगला आहेस." हे बुदियासाला अजून झोपू देत नाही.

दादोंग सुकर्नी ओढणी सोडायला लागली. तिला गाठ सुटेना, तेव्हा रेंताने सोडली. साद्रीचे हात मोकळे झाले आणि एकोणीस दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मांजराने पिल्लं दिली, मला खाज सुटायची, मावशीकडे मी जाणार नाही, तुम्ही रोज लाकडं का फोडत होता. रेंता तिच्यासमोर जमिनीवर बसून बघत होता. मग तिने विचारलं, "म्हणजे मला ऐकू आलं नाही?"

रेंता म्हणाला, "नाही."

तिने जरा विचार केला. मग आजीकडे गेली, आणि आजीची जी खूण आहे, डाव्या गालावरचा तीळ बोटाने टेकायचा, ती केली. एकदा. परत एकदा. दादोंग, दादोंग. सुकर्नी बघत राहिली. ही हाक तिला सात वर्षं रोज मारली जात होती.

ज्यांना एवढं वाचून काही घ्यायचं असेल त्यांनी एवढंच घ्यावं. खरं औषध येईल तेव्हा ते देणारा माणूस 'मला अजून ठाऊक नाही' हे शब्द वापरेल. कोणत्या जनुकासाठी आहे ते सांगेल. फसलं तर दोष तुमच्या पथ्यावर ढकलणार नाही. जो ढकलतो त्याच्या पेटीचं झाकण उघडा. आणि चमत्कार डोळ्यांनी पाहिला असेल, तर आपण कुठे उभे होतो ते आधी बघा.

सणाच्या दुसऱ्या दिवशी बुदियासा आणि रेंता वरच्या ओढ्यापाशी पाइपावर बसले होते. रेंताने कबूल केल्याप्रमाणे शिव्या दिल्या. बराच वेळ लागला, त्याची भाषा समृद्ध आहे. मग तो म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाई म्हणतात तसं आमच्यासाठीही कधीतरी निघेल ना?"

"निघेलही. मला ठाऊक नाही."

"निघालं तर साद्री ठरवेल. तोवर मोठी होईल. पण तू अर्धवट वाचून माझ्याकडे पळत यायचं नाहीस."

बुदियासाने वचन दिलं. खालची अर्धी बातमी आधी वाचीन. कळली नाही तर कळली नाही असं सांगेन. आणि ज्या दिवशी साद्रीची तपासणी असेल, त्या दिवशी मी खोलीबाहेर उभा राहीन. भिंतीकडे तोंड करून.

रेंताने मान हलवली. ते पुरेसं नव्हतं. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि हवेतली एक मोठी टोपली खांद्यापर्यंत खाली ओढली.

"बरं," मी म्हणालो. "टोपली घालून."